जुन्या कुरणावर बियाण्यापासून लॉन: मृगाचा पाऊस तणाला देऊन टाका

प्रश्न थोडक्यात असा आहे: पुरंदर तालुक्यात सासवडच्या पुढे एक एकराचे खासगी कुरण आहे. पंधरा-वीस वर्षे तिथे फक्त गुरे चरली. आता तिथे घर होत आले आहे. एवढ्या जागेवर तयार गवताच्या गाद्या टाकणे परवडत नाही, म्हणून बी टाकून लॉन करायचे आहे. मृगाचा पाऊस झाला की पेरून मोकळे व्हावे का? बी कोणते, किती, आणि आधी काय करावे?

मृगाला पेरू नका. उत्तरातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच आहे, बाकीचे सगळे तिच्याभोवती बसवायचे आहे.

जुन्या कुरणाच्या वरच्या दोन-तीन इंचांत वर्षानुवर्षे गळलेले बी साठून असते. गाजर गवत, टाकळा, माठ, कुसळी, आणखी कितीतरी. पहिला दमदार पाऊस झाला की हे सगळे एकदम उठते. टाकळा चार-पाच दिवसांत दोन जाड पाने घेऊन वर येतो. लॉनचे बी रव्यासारखे बारीक असते, त्याला उगवायलाच आठ-दहा दिवस लागतात आणि रोप केसाएवढे असते. ज्वारी-बाजरीत तण आले तर ओळीतून कोळपे चालवता येते. लॉन फोकून, म्हणजे हाताने विखरून, पेरलेले असते, त्यात कोळपे चालत नाही. एकदा बी पडले की पुढचे दीड-दोन महिने तणाविरुद्ध तुमच्या हातात खुरप्याशिवाय काही नसते आणि एक एकर खुरपायला किती माणसे लागतील याचा हिशोब तुम्हीच करा.

म्हणून मृगाचा पाऊस तणाला द्यायचा. ते उगवू द्यायचे, मारायचे, दुसरी फेरी उगवू द्यायची, तीही मारायची आणि मग आश्लेषा नक्षत्राच्या सुरुवातीला, म्हणजे ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात पेरायचे. तुमच्या भागाला ही वेळ फार चांगली जुळते. पुरंदरात जुलै-ऑगस्टमध्ये बहुतेक भुरभुर असते, मोठे गडगडाटी पाऊस सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये येतात. ऑगस्टच्या सुरुवातीला पेरलेले गवत त्या पावसापर्यंत सहा आठवड्यांचे होते, जमीन धरते आणि वाहून जात नाही. मावळ-मुळशीत मात्र हे वेळापत्रक चालणार नाही, तिथे ऑगस्टातही झड लागते. तिकडे सप्टेंबरचा मध्य धरावा.

पाण्याचा हिशोब आधी

एका एकरावर १ मिलिमीटर पाणी देणे म्हणजे ४,००० लिटर. एप्रिल-मेमध्ये हिरवेगार लॉन टिकवायला दिवसाला ४ ते ५ मिलिमीटर, म्हणजे रोज १६ ते २० हजार लिटर लागते. पुरंदरात उन्हाळ्यात गावांना टँकर लागतात, हे तुम्हाला सांगायला नको. बोअर तेवढे देत नसेल तर घराभोवती १२-१५ गुंठे नीट लॉन करा आणि उरलेले कुरण कुरणच राहू द्या. वर्षातून दोनदा कापले तरी ते सुंदर दिसते, मारवेल-पवन्या टिकतात, जमिनीवर घरटे करणाऱ्या चंडोलांना जागा राहते. हा सल्ला कमीपणाचा समजू नका. माळाचे गवत एकदा नांगरून घालवले की त्याच रूपात परत येत नाही. खालची सगळी मापे गुंठ्यात देतो, म्हणजे क्षेत्र कितीही धरले तरी हिशोब सोपा जाईल. सातबाऱ्यावर कुठे गायरान किंवा गुरचरणाची नोंद नाही, एवढेही एकदा पाहून घ्या.

सध्या तिथे कोणते गवत आहे?

नांगर घालण्याआधी जागा पायाखाली घाला. कुरणातले गवत दोन प्रकारचे असते: ठोंबाने वाढणारे आणि धावणारे. कुसळी, पवन्या हे ठोंबाचे. ते खोल नांगरटीत उलटे पडले की मरतात, त्यांची काळजी नको. धावणारी हरळी आणि जमिनीखाली गाठी धरणारा लव्हाळा यांचे मात्र वेगळे.

हरळीबद्दल एक गोष्ट अनेकांना माहीत नसते. बाजारात ‘बर्म्युडा’ म्हणून मिळणारे लॉनचे बी ही हरळीचीच जात. शेतात आपण जिला शत्रू मानतो, तीच इथे पीक आहे. त्यामुळे जागेवर साठ-सत्तर टक्के हरळी असेल तर बी आणूच नका. दगड वेचा, खड्डे भरा, पावसाळ्यात दर आठवड्याला कापा, थोडे नत्र द्या. उंच वाढणारी तणे कापणीने हटतात आणि एका पावसाळ्यात हरळी गादी धरते. हरळी तुरळक असेल तर मात्र ती काढावी लागते. विकतच्या बर्म्युडात रानटी हरळीचे तुकडे राहिले तर रंग आणि पानाची जाडी वेगळी दिसते आणि एकाच जातीतले असल्याने एकाला मारून दुसऱ्याला वाचवणारे कोणतेही औषध नाही.

लव्हाळा ओळखायचा तो देठाने. देठ बोटात फिरवा, तिधारी लागला तर लव्हाळा. त्याच्यावर रोटाव्हेटर घालू नका. गाठींची साखळी तुटते आणि सुटलेली प्रत्येक गाठ नवे रोप देते.

उन्हाळ्यातली कामे

खोलवरची सगळी कामे मृगाच्या आधी आटोपायची. त्यानंतर जमिनीत एका इंचाच्या खाली हात घालायचा नाही, कारण प्रत्येक खोल मशागत खालचे नवे तणाचे बी वर आणते.

एप्रिलमध्ये नांगरट करा, ८ ते १० इंच, उभी आणि आडवी. ढेकळे फोडू नका. मेच्या उन्हात ढेकळांसकट हरळीच्या कांड्या आणि लव्हाळ्याच्या गाठी वाळू द्या. तीन-चार आठवड्यांनी वखरून वर आलेल्या कांड्या गोळा करून बाहेर काढा. गुरांच्या पाऊलवाटा, पाण्याच्या हौदाभोवतालची जागा आणि गुरे बसायची ते झाडाखालचे ठिकाण, इथे जमीन दगडासारखी दाबलेली असते. तिथे नांगराच्या खाली एक घट्ट थर राहतो. सबसॉयलर किंवा चिझल नांगर १६ ते १८ इंचांवर दोन्ही दिशांनी चालवा. हे काम जमीन कोरडी असतानाच करायचे. ओलीत फाळ नुसता चीर पाडतो, थर तडकत नाही.

याच वेळी माती परीक्षण करा. आठ-दहा ठिकाणची ६ इंच खोलीपर्यंतची माती एकत्र करून अर्धा किलो नमुना द्यायचा. गुरे बसायच्या जागेची माती त्यात मिसळू नका, तिथे शेण-मुताने सगळे आकडे फुगलेले असतात. चुनखडीच्या जमिनीत सामू (pH) ८ च्या वर निघाला तर घाबरायचे कारण नाही, हरळी तो सोसते. फक्त पुढे लोह कमी पडून पिवळी पडेल, हे लक्षात ठेवा. जिप्समची पोती ‘असू द्यावे’ म्हणून टाकू नका. अहवालात सोडियम जास्त आला तरच जिप्सम.

मुरूम वर असेल तिथे माती भरावी लागेल. गवताला किमान ६ इंच माती हवी. पण भरावाचा आकडा आधी पाहा: एका गुंठ्यावर एक इंच थर म्हणजे साधारण ९१ घनफूट, जवळजवळ एक ब्रास (१०० घनफूट). पूर्ण एकराला एक इंच म्हणजे ३६ ब्रास. म्हणून जिथे मुरूम उघडा आहे तिथेच भरा. तलावातला गाळ स्वस्त मिळतो, पण तो वाळला की पापडी धरतो आणि तणाचे बीही घेऊन येतो. तो वापरायचाच तर मेमध्येच टाका, म्हणजे त्यातले तणही मृगात उगवून मरेल. शेणखताचेही तेच. गुंठ्याला १०० किलो पुरे, पण पूर्ण कुजलेले, हातात घेतले तर मातीचा वास येणारे. अर्धवट कुजलेले शेण म्हणजे गुरांच्या पोटातून आलेले तणाचे बी आणि हुमणीला, म्हणजे मुळे खाणाऱ्या अळीला, आमंत्रण.

उतार घरापासून बाहेर, १०० फुटाला १ ते २ फूट. सपाटीकरण फळीने किंवा मैंदाने करा, आणि रोटाव्हेटर फिरवायचाच तर एकदाच. पीठ झालेली माती पहिल्या पावसात चिखल होते आणि मग विटेसारखी वाळते.

मृग ते पुष्य

मृगाचा पाऊस तुमची दोन कामे फुकट करतो. तणाला उठवतो आणि भराव बसवतो. पहिला मोठा पाऊस थांबला की तासाभरात फक्कीची (आखणीच्या पांढऱ्या भुकटीची) पिशवी घेऊन जागेवर जा. जिथे पाणी तुंबले आहे त्याच्या काठाने फक्कीची रेघ ओढा. डोळ्याला सपाट वाटणाऱ्या जमिनीत किती बशा आहेत ते तेव्हाच कळते. वाफसा आला की त्या भरून घ्या. हे न करता पेरले तर नेमक्या त्या बशांमध्ये रोपे कुजतात, आणि पुढे कापणी यंत्राचे पाते बशीच्या काठाला गवत मुळापर्यंत खरवडते.

जूनच्या अखेरीस तण चार-सहा पानांवर येईल. आता ते मारायचे. वर्षायू तणे असतील तर उघडीप पाहून वखराने किंवा कोळप्याने इंचभर खरवडा. भुरभुर पावसात खरवडलेले तण पुन्हा मूळ धरते, त्यामुळे कडक ऊन पडेल असा दिवस निवडा. हरळी-लव्हाळा शिल्लक असेल तर नुसत्या खरवडण्याने भागणार नाही. ग्लायफोसेट हे तणनाशक मुळापर्यंत जाते, पण केंद्र सरकारच्या ऑक्टोबर २०२२ च्या अधिसूचनेनुसार ते परवानाधारक कीडनियंत्रकाकडूनच फवारून घ्यायचे आहे. त्याला पाणी स्वच्छ द्या. गढूळ पाण्यातली माती औषध बांधून ठेवते आणि फवारणी वाया जाते. पाऊस किमान सहा तास नको, आणि फवारल्यावर १२ ते १५ दिवस जमिनीला हात लावू नका. पाने पिवळी पडली म्हणजे मुळे मेली असे नाही. फक्त लव्हाळ्यासाठी उसात वापरतात ते हॅलोसल्फ्युरॉन मिथाईल हे तणनाशक उपयोगी पडते, मात्रेसाठी कृषी अधिकाऱ्यांना विचारा आणि त्यानंतर पेरणीपर्यंत पूर्ण चार आठवडे जाऊ द्या.

जुलैच्या मध्यानंतर तणाची दुसरी फेरी येते, पहिलीपेक्षा पुष्कळ विरळ. ती जुलैच्या शेवटच्या आठवड्यात वरवर खरवडून टाका. दगड वेचायचे कामही याच दिवसांत. लिंबाएवढा आणि त्यावरचा प्रत्येक दगड काढा, पात्याची धार त्यानेच जाते.

हुमणी विसरू नका. जुन्या गवताळ जमिनीत ती हमखास असते. पहिल्या पावसानंतर संध्याकाळी अंधार पडताना तिचे भुंगेरे कडुलिंब-बाभळीवर जमतात. फांदी हलवून खाली पाडा आणि रॉकेलमिश्रित पाण्यात टाका. जुलैच्या अखेरीस पाच-सहा ठिकाणी एक फूट लांब-रुंद आणि अर्धा फूट खोल खणून पाहा. पांढऱ्या, इंग्रजी ‘सी’सारख्या वळलेल्या अळ्या तीन-चार निघाल्या तर एकराला ४ किलो मेटारायझियम (हुमणीला मारणारी बुरशी) कुजलेल्या ओलसर खतात मिसळून संध्याकाळी टाका.

बी

सोललेले बर्म्युडा बी घ्या. न सोललेले स्वस्त असते पण तीन-चार आठवडे उगवत राहते, तोवर तण पुढे जाते. पिशवीवर शुद्धता, उगवण आणि चाचणीची तारीख वाचा. ‘लॉन मिश्रण’ म्हणून मिळणाऱ्या पिशवीत राय किंवा फेस्क्यू असेल तर नको. राय पाचव्या-सहाव्या दिवशी हिरवीगार उगवते, सगळे खूश होतात आणि एप्रिलमध्ये ती जळून जाते. ही थंड हवेची गवते आहेत, पुरंदरच्या माळावर उन्हाळा काढणार नाहीत. मेक्सिकन किंवा कोरियन म्हणून रोपवाटिकेत मिळते ते गवत लावायचे असते, ते बियाण्याने करायच्या भानगडीत पडू नका.

प्रमाण चौरस मीटरला ७ ग्रॅम, म्हणजे गुंठ्याला ७०० ग्रॅम, एकराला २८ किलो. एका ग्रॅमात चार हजारांच्या वर दाणे असतात, त्यामुळे हे कमी वाटले तरी कमी नाही. दुप्पट टाकले तर दाट रोपे ओलीत कुजतात. लेप दिलेल्या बियाण्यात जवळजवळ निम्मे वजन लेपाचे असू शकते, पिशवीवरचा आकडा पाहून प्रमाण वाढवा. पेरणीच्या पंधरा दिवस आधी १०० दाणे ओल्या कागदात गुंडाळून उबदार जागी ठेवा. दहा-बारा दिवसांत ८० च्या खाली उगवले तर त्या हिशोबाने बी वाढवा, ५० च्या खाली असेल तर परत करा.

पेरणी

पेरणीच्या दोन-तीन दिवस आधी गुंठ्याला पावणेचार किलो सिंगल सुपर फॉस्फेट टाकून दाताळ्याने वरच्या मातीत मिसळा. जमिनीवर चालून पाहा. बुटाची टाच अर्ध्या इंचापेक्षा जास्त रुतली तर हलका रोलर फिरवा. पोकळ जमिनीत बी खोल जाते आणि मग उगवत नाही.

जागा दोरीने ३३ × ३३ फुटांच्या गुंठ्यांत आखा. प्रत्येक गुंठ्याचे ७०० ग्रॅम बी दोन भागांत: ३५० ग्रॅम बी दोन किलो कोरड्या बारीक वाळूत मिसळून उभे फोका, दुसरे ३५० तसेच आडवे. एका हातात सगळ्या एकराचे बी घेऊन निघाल्यास पहिल्या दहा गुंठ्यांतच अर्धे संपते, हे नेहमी घडते. ऑगस्टात तुमच्याकडे वारा मोठा असतो, त्यामुळे काम सकाळी आठच्या आत उरका.

मग दाताळे उलटे धरून हलके ओढा, किंवा बाभळीची फांदी फिरवा. बी पाव इंचापेक्षा खाली जाता कामा नये. काही दाणे वर दिसत राहिले तरी चालते. शेवटी रोलर, माती आणि बी एकमेकांना चिकटण्यापुरता. त्यावर भाताच्या पेंढ्याचे बारीक तुकडे विरळ पसरा, इतके विरळ की खालची निम्मी माती दिसावी. उतारावर काथ्याची किंवा तागाची जाळी खुंट्यांनी बसवा.

पहिले एकवीस दिवस

वरची अर्धा इंच माती वाळू द्यायची नाही, एवढाच नियम. उघडीप असेल तर दिवसातून तीन वेळा २-२ मिलिमीटर. एकराला दर वेळी ८,००० लिटर. बोअर तासाला ५,००० लिटर देत असेल तर दर फेरीला दीड तासाहून जास्त लागेल. हे पेरण्याआधीच करून पाहा, नाहीतर क्षेत्राचे दोन भाग करून दोन आठवड्यांच्या अंतराने पेरा. बारीक थेंबाचे तुषार वापरा. रेनगनचा मोठा थेंब बी उडवतो आणि माती ठोकून पापडी करतो. पापडी धरलीच तर ती फोडू नका, हलके शिंपडून मऊ करा.

सातव्या-आठव्या दिवशी उभे राहून पाहिले तर काहीच दिसत नाही. याच दिवशी लोक बी फसवे होते म्हणून पुन्हा पेरतात. सकाळी ऊन तिरपे असताना जमिनीशी गाल लावून उन्हाच्या दिशेने पाहा. हिरवे केस आणि प्रत्येकाच्या टोकाला दवाचा थेंब दिसेल. एकवीस दिवसांपर्यंत निकाल काढू नका. त्यानंतर हाताच्या पंजापेक्षा मोठी मोकळी जागा राहिली असेल तरच तिथे पुन्हा बी टाका. मुंग्या दाणे ओढून नेतात, वारुळाभोवती टरफलांचे कडे दिसले की ते वारूळ आधी हटवा. आणि कुंपण पेरणीआधीच पक्के करा. वीस वर्षे ज्या वाटेने गुरे आली, ती त्याच वाटेने पुन्हा येणार.

उगवण झाल्यावर पाणी हळूहळू कमी वेळा आणि जास्त खोल देत जा. तिसऱ्या आठवड्यात गुंठ्याला अर्धा किलो युरिया, पानावर दव नसताना, आणि लगेच पाणी. नंतर जमीन झाकेपर्यंत दर चार आठवड्यांनी तेवढाच. पाने पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या तर युरिया वाढवू नका. ते लोह कमी पडल्याचे लक्षण आहे. लिटरला ५ ग्रॅम फेरस सल्फेट संध्याकाळी फवारा, फरशीवर उडू देऊ नका, डाग जात नाहीत.

पहिली कापणी गवत अडीच इंच झाल्यावर, दीड इंचापर्यंत, जमीन कोरडी असताना आणि पाते धारदार असताना. बोथट पाते कोवळे रोप कापत नाही, उपटते. कापणीला उशीर करू नका. शेंडा कापला गेला की हरळी आडवी धावते, आणि सरळ वाढणारी टाकळा-माठासारखी तणे तीन-चार कापण्यांतच संपतात. उरलेले खुरप्याने. गाजर गवत फुलण्याआधी हातमोजे घालून मुळासकट काढा. रुंद पानांच्या तणासाठी २,४-डी वापरायचा मोह होईल, पण तुमच्या शेजारी अंजीर, सीताफळ, भाजीपाला आहे. त्याचे वाऱ्यावर उडालेले तुषार शेजाऱ्याचे पीक वाकडे करतात. एवढ्यासाठी तो धोका घेऊ नये.

मोठ्या झाडांच्या दाट सावलीत हे गवत येणार नाही, त्याला सहा-आठ तास थेट ऊन लागते. तिथे पुन्हा पुन्हा बी टाकण्यापेक्षा पालापाचोळा राहू द्या. गुरे बसायच्या जागी गवत गडद आणि उंच येईल, एक-दोन वर्षे तो ठिपका दिसत राहील. तिथे युरिया वगळा.

डिसेंबरात रात्री गार झाल्या की लॉन तपकिरी पडेल. त्या वेळी जास्त पाणी किंवा खत देऊ नका. एक कांडी उपटून तिच्या पेऱ्याला नख लावा. आत पांढरट-हिरवी आणि ओलसर असेल तर गवत जिवंत आहे, फेब्रुवारीत ऊन तापले की ते फुटेल. तेव्हा पहिले खोल पाणी द्या आणि सळई खुपसून पाहा. सहा इंच सहज गेली तर पाणी पोचले, मध्येच अडली तर पुन्हा द्या.